कॉलर न मळलेला शर्ट

१२ फेब्रुवारी

दादा,

मोठ्या भावाला पत्र लिहिताना वर मानाने काहीतरी लिहायचं असतं, एवढं मला कळतं. ते मी लिहिणार नाही. पाच महिने स्वतःचा पत्ता लागू न देणाऱ्याला नुसतं 'दादा' म्हटलं हेच पुष्कळ झालं. पत्ता मला सिमेंटच्या ट्रकवाल्या काकांनी दिला. तू पुलाच्या कामावर सळया बांधतोस, बारीक झालायस आणि दाढी ठेवलीयस, असं ते म्हणाले. दाढी तुला शोभत नसणार.

इकडे सगळं छान आहे. माझी शाळा चालू आहे. आपला धाकटा वकील आता अकरा वर्षांचा झाला आणि अजून उठल्यापासून झोपेपर्यंत वाद घालतो, म्हणजे तू ठेवलेलं नाव बरोबरच होतं. बटण, आपलं शेंडेफळ, सहाची झाली, पहिलीत जाते. आईकडे शर्टांच्या कारखान्यातून जे गठ्ठे यायचे ते आता माझ्याकडे येतात. बटणं लावायची, काजांचे धागे कापायचे. फावल्या वेळात करते, फार काही नसतं.

तू गेलास हे इथे कुणालाही कळलेलं नाही. बाबांनंतर आईही गेली तेव्हा तू सतराचा होतास, पण मिशी फुटली होती, त्यामुळे बिल्डिंगमधले म्हणाले, थोरला आहे, बघेल सगळं. थोरला निघून गेला आणि घरात सगळ्यांत मोठी मी, पंधरा वर्षांची, हे बाहेर फुटलं तर काय होईल ते तुला सांगायला नको. मागच्या गल्लीतल्या त्या तीन भावंडांना तीन ठिकाणी नेलं, आणि आता ती वर्षातून एकदा भेटतात तेव्हा एकमेकांशी काय बोलायचं ते त्यांना कळत नाही. आपली तशी ताटातूट मी होऊ देणार नाही, मग काय वाट्टेल ते करावं लागो.

म्हणून तुझा निळ्या चौकड्यांचा शर्ट मी रोज धुते आणि रस्त्याकडच्या दोरीवर वाळत घालते. तुझ्या जुन्या चपला दाराबाहेर ठेवते आणि जाता-येता पायाने थोड्या सरकवते. वकील शाळेत जाताना जिन्यात ओरडतो, "दादा, येतो रे." एकदा मी आतून जाड आवाजात "हं" म्हटलं, तर बटण घाबरून माझ्याच मागे लपली.

उत्तर लिही. दोन ओळी लिहिल्यास तरी चालेल.

तुझी,
फौजदार


३ मार्च

दादा,

उत्तर नाही. बरं.

इकडे एक घोटाळा झालाय. समोरच्या इस्त्रीवाल्या काकू आठवतात? तुझा चेंडू त्यांच्या घड्यांवर पडला होता आणि तू आठवडाभर मागच्या रस्त्याने घरी येत होतास, त्याच. गल्लीत अजून कुणाची त्यांच्या तोंडाला लागायची टाप नाही. शनिवारी त्यांनी मला रस्त्यापलीकडून बोटाने खूण करून बोलावलं. मला वाटलं आपलं पाणी त्यांच्या पायरीवर सांडत असेल.

तर त्या म्हणाल्या की तीस वर्षं त्या लोकांचे शर्ट बघतायत. कोण कोपर टेकून बसतो, कोण बाहीला तोंड पुसतो, कुणाचं पोट सुटत चाललंय, सगळं त्यांना शर्टावरून कळतं. आणि तुझा तो निळा शर्ट त्या थंडी सुरू झाल्यापासून बघतायत. रोज धुतला जातो, रंग पार उडालाय, पण कॉलरला कधी मळाची रेघ नाही आणि कोपरात एक चुणी नाही. "हा शर्ट कुणी घालत नाही," त्या म्हणाल्या. "माणूस कुठाय?"

मी म्हटलं, आजारी आहे, झोपून असतो. त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की विचारू नकोस. म्हणाल्या, आजारी माणसाच्या कपड्याला तर जास्त घाम लागतो. मी "गॅसवर भात ठेवलाय" म्हणून धूम ठोकली. भात वगैरे काही नव्हता.

तीन दिवस मी शर्ट बाहेर काढलाच नाही. चौथ्या दिवशी काकूंनी वकिलाला गाठलं. त्याला म्हणाल्या, बहिणीला सांग, शर्ट असा एकदम गायब केला की आणखी चार जणांच्या नजरेत येईल. एक दिवसाआड वाळत घाला. आणि त्याआधी तो कुणीतरी अंगात घाला, मळवा, मग धुवा. पोरांना साधं खोटंसुद्धा धड बोलता येत नाही, असंही म्हणाल्या.

आता वकील शाळेतून आल्यावर तासभर तुझा शर्ट घालून बसतो. गुडघ्यापर्यंत येतो. तेवढा तासभर तो आम्हाला हुकूम सोडतो आणि म्हणतो, मी दादा आहे, मला पाणी दे. मी त्याला सांगितलं, दादा असशील तर उठ आणि स्वतः घे, दादा घ्यायचा.

काकूंनी कुणाला सांगितलेलं नाही. का सांगितलं नाही ते मला कळत नाही, आणि जे कळत नाही त्याची मला भीती वाटते. मी त्यांच्या दुकानासमोरून जाणं टाळते.

फौजदार


२६ मार्च

दादा,

हे पत्र पूर्ण वाच. टाळाटाळ करू नकोस.

बटणच्या वर्गात बाईंनी घरातल्या माणसांची चित्रं काढायला सांगितली. हिने मी, वकील आणि स्वतः असे तिघं काढले आणि बाजूला एक शर्ट. बाईंनी विचारलं, हे काय? ही म्हणाली, हा दादा, ताई त्याला धुऊन वाळत घालते. बाईंनी तिला जवळ घेऊन आणखी दोन-चार प्रश्न विचारले आणि सहा वर्षांच्या पोरीने जेवढं माहीत होतं तेवढं सगळं घडाघडा सांगून टाकलं. तिला मी रागावले नाही. मुलांना खोटं बोलायला शिकवलं आणि एकीला शिकवायचं राहून गेलं, चूक माझीच.

तिसऱ्या दिवशी मुलांच्या कल्याणाच्या ऑफिसातून एक बाई आल्या, काखेत ही जाडजूड फाइल. बाई वाईट नाहीत. पण त्यांनी डब्यांची झाकणं उघडून पाहिली, अंथरुणं मोजली, बटणचे तळपाय पाहिले, वकिलाच्या कानामागे पाहिलं. माझ्या बोटांवरची सुईची भोकं पाहून काही लिहून घेतलं. मी हात मागे घेतले तर म्हणाल्या, राहू दे, दिसली मला.

आता नीट ऐक. २४ एप्रिलला समितीपुढे जायचं आहे. घरात जबाबदार मोठं माणूस नसेल तर वकील मुलांच्या वसतिगृहात, बटण लहान मुलींच्या, आणि मी मोठ्या मुलींच्या, ते शहराच्या पार दुसऱ्या टोकाला आहे. मी विचारलं, रोज भेटता येईल का? बाई म्हणाल्या, महिन्यातून एक रविवार.

पण तू डिसेंबरात अठराचा झालास. तुझी सही आता चालते. सोबत फॉर्म ठेवलाय, मी पेन्सिलीने फुली केलीय तिथे सही कर, आणि जूनच्या आत परत येतोस एवढं लिही. बस. नोकरी सोडून आजच धावत ये असं कुणी म्हणत नाहीये.

बाईंनी आणखी एक वाट सांगितली. नात्यातलं नसलं तरी शेजारपाजारचं कुणी भलं माणूस लेखी जबाबदारी घ्यायला आणि दर आठवड्याला आमच्याकडे लक्ष द्यायला तयार असेल, तर आपल्यासारख्या, मुलांनीच चालवलेल्या घराची नोंद होऊ शकते आणि मुलं एकत्र राहतात. मला हसूच आलं. दुसऱ्याच्या तीन पोरांचं लोढणं कोण गळ्यात बांधून घेईल? आणि मी कुणापुढे हात पसरणार नाही. आईनेही पसरला नव्हता.

परत पाठवायचं पाकीट तिकीट लावून आत घातलंय. तुला पोस्टापर्यंत चालायचं तेवढं काम आहे.

फौजदार


१५ एप्रिल

दादा,

काल तुझं पार्सल आलं. मी जिन्यातच फोडलं. फॉर्म असेल म्हणून कागद न कागद उलटून पाहिला. आत बटणचे बूट. लाल, बकलवाले. चिठ्ठी नाही, सही नाही, काही नाही.

बूट तिला होत नाहीत. अंगठा मुडपून घातला तरी टाच बाहेर राहते. तू गेलास तेव्हाचा पाय तुझ्या लक्षात आहे, पण दादा, पाय वाढतो. ती रडली नाही. ते उशाशी घेऊन झोपली आणि सकाळी म्हणाली, दादाला वाटतं मी अजून लहान आहे. मला तुझा इतका राग आला की ते बूट तुझ्या त्या पुलावरून खाली फेकावेत असं वाटलं.

आता जे लिहायचं नव्हतं ते लिहिते. माझी शाळा चालू नाही. ऑक्टोबरपासूनच बंद आहे. गठ्ठे फावल्या वेळात होत नाहीत, दिवसभर होतात. मागच्या महिन्यात वकिलाला ताप आला होता आणि चार दिवस मी त्याच्या उशाशी बसून बटणं लावली. त्यातली काही उलट्या बाजूला लागली आणि अख्खा गठ्ठा परत आला. इकडे सगळं छान आहे ही शुद्ध थाप होती.

आणि दुसरं. तू का गेलास ते वकिलाला माहीत नाही, मला माहीत आहे. गोदामातलं तुझं काम सुटलं होतं, तू दहा दिवस भिंतीकडे तोंड करून पडून होतास आणि मी तुला म्हटलं, तू असून नसल्यासारखाच आहेस. दुसऱ्या दिवशी तू खरंच नव्हतास. सात महिने मी ते वाक्य तोंडात घोळवतेय. मी तेव्हा चिडले होते आणि तू सतरा वर्षांचा होतास. आता मी स्वतः सगळं करते तेव्हा कळतं, भिंतीकडे तोंड करून पडावंसं किती वाटतं. एवढंच की मी पडले तर मागे कुणी नाही, आणि तुझ्या मागे मी होते. माझं चुकलं. तुझंही चुकलं. फिटंफाट.

सहीवाचून माझं अडणार नाही. तुझ्या जुन्या वह्या आहेत माझ्याकडे. कालपासून तुझी सही गिरवतेय. ते शेवटचं शेपूट सोडलं तर हुबेहूब जमलीय.

फौजदार


२५ एप्रिल

दादा,

जिंकलो.

आता पहिल्यापासून सांगते, मध्ये उडी मारू नकोस.

ऑफिसातून दुसरा कोरा फॉर्म आणून मी त्यावर तुझी सही केली होती. शेपटासकट. तो पिशवीत घालून नेला. ऑफिसात लांबलचक टेबल होतं आणि तिघं बसले होते. मधल्या खुर्चीतल्या बाईंना सर्दी झाली होती, त्या सारखा रुमाल नाकाला लावत होत्या. आपल्या फाइलवाल्या बाई कडेला. वकिलाने केसांना पाणी लावून भांग पाडला होता आणि बटण माझ्या ओढणीचं टोक धरून उभी होती.

मधल्या बाईंनी विचारलं, भावाची सही आणली आहेस? मी फॉर्म काढला, पुढे केला. त्यांनी तो वाचला, छान म्हणाल्या, आणि पेन उचललं. एवढं झालं की संपलं होतं, दादा. आणि मला एकदम त्या शर्टाचा कंटाळा आला. आज ही सही दिली की जूनमध्ये तू कुठे आहेस ते सांगायला दुसरं खोटं, मग तिसरं, आणि तो शर्ट मी म्हातारी होईपर्यंत धूत बसणार. मी म्हटलं, "बाई, ही सही त्याची नाही. मी केलीय. तो घरी नाही. सप्टेंबरपासून घर मी चालवते."

फाइलवाल्या बाईंनी डोळे मिटले. पण माझं तोंड सुरू झालं ते थांबेना. मी सगळं सांगितलं. वकिलाची एकही गैरहजेरी नाही तापाचे चार दिवस सोडले तर, बटणच्या सगळ्या लसी झाल्यात, गॅस एकट्याने पेटवायचा नाही हा नियम आहे, कुणी दार वाजवलं तर आधी खिडकीतून बघायचं. शाळा सोडली तेही सांगितलं. झाकून ठेवण्यासारखं आता उरलंच काय होतं?

मधल्या बाई म्हणाल्या, हे सगळं कौतुकाचं आहे, पण तू स्वतःच लहान आहेस, आणि या दोघांची काळजी वसतिगृहात जास्त नीट घेतली जाईल. त्यावर आपला वकील उठला. मी त्याला खाली ओढलं, पण तो ऐकतो थोडाच. म्हणाला, वसतिगृहात बटणची वेणी कोण घालणार? बाई म्हणाल्या, तिथे सेविका आहेत. तो म्हणाला, तिच्या डाव्या कानामागे जखमेची खूण आहे, तिथे ओढलं की दुखतं, तुमच्या सेविकांना माहीत आहे का? आणि खिशातून फणी काढून त्याने तिथेच, टेबलासमोर, बटणला पुढ्यात उभं करून वेणी घालायला घेतली. तीन पेडांची, कानामागे सैल. कुणी त्याला अडवलं नाही. शेवटी रबर लावून म्हणाला, झालं, आता तुमचं चालू द्या.

मग बाईंनी बटणला जवळ बोलावून विचारलं, घरी कधी रडू येतं का? बटण म्हणाली, येतं ना, पण नंबर असतो. एका वेळी एकानेच रडायचं, दोघं रडले तर भात करपतो. बाईंनी विचारलं, आणि ताईचा नंबर कधी असतो? ही विचार करून म्हणाली, "ताईला नंबर नाही. आम्ही द्यायचा विसरलो."

दादा, मी छताकडे बघत होते, कारण खाली पाहिलं असतं तर भर ऑफिसात नंबर लागला असता.

तेवढ्यात मागून आवाज आला. इस्त्रीवाल्या काकू. दुकान बंद करून आल्या होत्या, आणि तीस वर्षांत त्यांचं दुकान कुणी बंद पाहिलेलं नाही. वकिलाने त्यांना तारीख सांगितली होती, मला न विचारता. आगाऊ कुठला. दारातल्या शिपायाशी भांडून आत शिरल्या होत्या. तशाच पुढे आल्या आणि म्हणाल्या, "हिचा नंबर माझ्याकडे. माझ्या दुकानात येऊन रडायचं तेवढं रडू दे, मी इस्त्री बाजूला ठेवीन. बाकी घर या पोरांचं आहे, चांगलं चालवतात, मी रोज समोरून बघते. कुठे सही करायची ते दाखवा."

फाइलवाल्या बाईंनी फॉर्म काढला. तो आधीपासूनच फाइलमध्ये वरती ठेवलेला होता, हे मी पाहिलं.

तिघं आपापसांत बोलले. मला तो वेळ फार लांबलचक वाटला. मग मधल्या बाईंनी सांगितलं: घराची नोंद करायची, तिघांनी एकत्र राहायचं, काकूंनी दर आठवड्याला येऊन बघायचं, बाईंनी महिन्याला. धान्य आणि शाळेचा खर्च ऑफिसकडून. गठ्ठे बंद. आणि जूनपासून मी शाळेत गेलेच पाहिजे, ही अट, ती मोडली तर सगळं रद्द. मी विचारलं, अभ्यास बुडालाय, मागच्या वर्गात बसावं लागलं तर? त्या म्हणाल्या, तर बसायचं. तुझी खोटी सही मी फाडून टाकते, म्हणाल्या, पण हात चांगला आहे, चित्रकला घे.

बाहेर आल्यावर मी काकूंना म्हटलं, तुम्ही आमच्यासाठी एवढं केलंत. त्या माझ्यावरच डाफरल्या. एवढे महिने तोंडात काय गुळणी धरली होतीस, विचारलं असतंस तर शर्टाचा रंग तरी वाचला असता. मग माझ्या पाठीवर हात ठेवला आणि तिथेच, फुटपाथवर, माझा नंबर लागला. चांगला पाऊण तास चालला. बटण माझा हात धरून उभी होती आणि येणाऱ्या-जाणाऱ्यांना सांगत होती, काही झालं नाही, आज हिची सुट्टी आहे.

नोंदीचा कागद हातात आलाय. कुटुंबप्रमुख या रकान्यात माझं पूर्ण नाव, आईच्या नावासकट. वकिलाने तो तीनदा मोठ्याने वाचला.

फौजदार


९ मे

दादा,

तुझा फॉर्म पोहोचला. २७ तारखेला, म्हणजे तीन दिवस उशिरा. पाकिटावर पोस्टाचे चार शिक्के आहेत, त्यामुळे सगळा दोष तुझा नाही. पेन्सिलीच्या फुलीवर बरोबर सही केलीयस. आणि तुझं ते शेपूट मी काढते तसं नसतंच मुळी, चांगलं दोनदा वळतं. बरं झालं ती सही चालवली नाही ते.

खाली तू लिहिलंयस, यायला तोंड नाही. ती ओळ मी दोघांना वाचून दाखवली नाही. सगळी पत्रं वाचलीस आणि प्रत्येक वेळी उत्तर लिहून फाडलंस, असंही लिहिलंयस. पुढच्या वेळी न फाडता पाठव. चुका मी काढीन, मला सवय आहे.

फॉर्म मी ऑफिसात नेला होता. फाइलवाल्या बाई म्हणाल्या, आता याची गरज नाही, हवा तर परत ने. मी परत आणला. आता कुठल्याही कागदावर तुझी सही लागत नाही. घराची नोंद झालीय, शाळेत नाव घातलंय, काकू रविवारी येतात आणि डब्यांची झाकणं उघडून नावं ठेवतात. बटणने तुझ्या बुटांत रंगीत खडू ठेवलेत. वकील अंथरुणावरच्या तुझ्या जागेत पाय पसरून झोपतो, त्याला सांगावं लागेल.

तू आलास तर कुणी तुला जाब विचारणार नाही आणि घर तुझ्या गळ्यात टाकणार नाही. तू आता घराचा आधार नाहीस, दादा, तू नुसता आमचा भाऊ आहेस. तेवढं पुरे आहे, आम्हालाही आणि तुलाही. सुट्टी मिळेल तेव्हा ये, भात आणि बटाटे मी करीन, भांडी तू घासायची. दाढी करून आलास तर उत्तम.

गेले सगळे महिने मी तुला बोलावलं ते अडलं होतं म्हणून. आता तुझ्यावाचून आमचं काहीही अडत नाही. म्हणूनच बोलावतेय. ये.

तुझी धाकटी बहीण